अर्धी राहिलेली लावणी

जपानमधल्या एका डोंगराळ गावात, बंद पडलेल्या शाळेत, माझा छायाचित्रकार मित्र त्याच गावावर स्वतःच्या तरुणपणी केलेला माहितीपट दाखवत होता. बघायला मोजकेच म्हातारे उरले होते. पडद्यावरची बहुतेक माणसं केव्हाच गेली होती. चिखलात भात लावणारा एक तरुण कॅमेऱ्याकडे बघून हसला, तशी एक आजी उठली.

"थांबवा!"

मित्राने चित्र थांबवलं. आजी पडद्याजवळ जाऊन आपल्या नवऱ्याकडे बघत राहिली. बाहेर त्याच खाचरात पुरुषभर गवत माजलं होतं. माणसामागून त्याच्या हातची जमीनही अशी निघून जाते, या विचाराने मला गलबलून आलं.

थोड्या वेळाने आजी वळली. म्हणाली, "चालू द्या आता. त्यांची लावणी अर्धी राहिलीय."