दातांनी ऐकणारा मिस्त्री

आमचा मिस्त्री इंजिनाचा आवाज दातांनी ऐकायचा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे खोटं वाटतं. वाटू दे. त्याच्याकडे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ दातांत घट्ट धरायची, डोळे मिटायचे आणि गप्प बसायचं. कानांचा त्याला काही उपयोग नव्हता. भिवंडीत बावीस वर्षं तो कापड विणायचे बिघडलेले लूम दुरुस्त करायचा आणि त्या खडखडाटात दोन्ही कान घालवून बसला होता. मग लूम सोडून राहनाळच्या रस्त्याला टपरी टाकली आणि पंप, जनरेटर, येईल ते दुरुस्त करू लागला. त्याला नाव होतं, पण ते घेऊन हाक मारली तर ऐकणार कोण? सगळे बहिरा मिस्त्री म्हणायचे. तो जवळच्याच वडप्याचा, माझ्याच वयाचा. मला बाय म्हणायचा.

मी तेव्हा राहनाळला एका गोडाऊनमध्ये झाडलोट आणि बागेचं काम करायची. जन्म भातशेतीत गेलेला. ज्या जमिनीतलं गवत उपटून आम्ही भात लावायचो, तिथे भराव घालून गोडाऊन झालं आणि ऑफिससमोर मुद्दाम गवत लावलं. ते वाढलं की कापायचं आणि कापलेलं फेकून द्यायचं. म्हशीलाही घालायचं नाही. आधी विळ्याने कापायची, मग पेट्रोलवर चालणारं, ढकलायचं मशीन आलं. दोरी ओढली की सुरू.

एका दिवाळीनंतर ते मशीन बिघडलं. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते चालायचं, पण धड नाही. एकदम भणाणायचं, मग मान टाकायचं, की पुन्हा भणाणायचं. गवत कुठे बोटभर, कुठे वीतभर. सुपरवायझर कल्याणचा होता, माझ्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, "मावशी, पुढच्या सोमवारी मोठे साहेब येतायत. लॉन अशी दिसली तर काम कॉन्ट्रॅक्टरला देऊन टाकतील. त्याची माणसं, त्याचं मशीन."

"आणि मी?"

"मग मी काय करू शकत नाही."

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पन्नाशी उलटलेली. गोडाऊनमध्ये खोकी उचलायला मला कोण घेणार? मी तडक मिस्त्रीच्या टपरीवर गेले आणि हाताने खूण केली. हात वर, खाली, वर, खाली. तो लगेच उठला.

त्याच्याशी बोलायला खुणाच लागायच्या. लूमच्या खोलीत कोणालाच काही ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. चहाची खूण, धागा तुटल्याची खूण, जेवायला चल ही खूण. मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला. मिस्त्रीने या सगळ्या खुणा तशाच बाहेर आणल्या होत्या. सुपरवायझर दिसला की तो माझ्याकडे बघून मिशीवर बोट फिरवायचा. सुपरवायझरला वाटायचं, म्हाताऱ्याला मिशीचा भारी अभिमान.

त्या दिवशी त्याने मशीन सुरू करायला लावलं, स्क्रूड्रायव्हर चावला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "पोट ठणठणीत हाय. घसा बुजलाय." घसा म्हणजे कार्बोरेटर. तो उघडून त्याने आतला पितळेचा बारीक जेट काढला आणि डोळ्याला लावून आभाळाकडे धरला. "यातनं उजेड दिसला पायजे. बघ." मी बघितलं. काही दिसलं नाही. त्याने विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून काढली, त्या भोकातून हळूच फिरवली, सायकलच्या पंपाने हवा मारली. पुन्हा बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला.

"आत गव्हर्नर असतो," तो म्हणाला. "तो मुकादम. इंजिन उपाशी ऱ्हायलं की वेग पडतो. मुकादम बोंबलतो, पेट्रोल सोड! वेग चढतो. मग तोच बोंबलतो, बस कर! आन् परत उपाशी. दिवसभर ह्यांचं हेच." असा मुकादम मी लावणीच्या कामावर पाहिला होता. मला लगेच समजलं.

मशीन सरळ चाललं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मिस्त्रीने पुन्हा तार फिरवली, पुन्हा उजेड दिसला आणि शनिवारी सकाळी मशीन पुन्हा हुंदके देऊ लागलं. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, बहिऱ्याला इंजिन दाखवता? एखादा कान असलेला माणूस बघा ना." मलाही राग आलाच होता. मिस्त्री आला तेव्हा मी त्याच्या तोंडावर बोलले. ऐकायला येत नाही म्हणून जास्तच बोलले. त्याच्या वडिलांपर्यंत गेले.

त्याने शांतपणे सगळं बघून घेतलं आणि म्हणाला, "शिव्या जरा सावकाश दे बाय. घाईत ओठ वाचता येत न्हायत."

मग तो गवतात मांडी घालून बसला. या खेपेला त्याने मशीनला हातच लावला नाही. "मशीन आजारी न्हाय. त्याला कोणतरी आजारी पाडतंय. तू रोज काय करतंस ते सगळं माझ्यासमोर कर."

मी मशीन पुसलं. टाकीचं झाकण काढलं. त्यावर नरसाळं ठेवलं, नरसाळ्यावर फडकं दुहेरी घालून त्यातून कॅनमधलं पेट्रोल ओतायला घेतलं. मिस्त्री ताडकन उठला आणि त्याने फडकं हिसकावलं.

"ह्ये काय?"

"गाळून घालते. कॅनच्या बुडाला कचरा असतो."

मला त्यात चूक काय ते समजेना. दूध गाळतो, तेल गाळतो, तसं पेट्रोल. फडकं लूमचं होतं, कोरं. भिवंडीत घरोघरी असल्या चिंध्या असतात. लादी पुसायची तर त्याच, पोळ्या गुंडाळायच्या तर त्याच. मिस्त्रीने ते फडकं आपल्या काळ्या पँटीवर घासलं. मांडीवर पांढरी रुई उठली. बारीक, केसाहून बारीक. तीच पेट्रोलबरोबर टाकीत, टाकीतून जेटमध्ये. मी इतकी काळजी घेत होते की मशीन मरायला टेकलं होतं.

मिस्त्री हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "बावीस वर्षं ही रुई माझ्या छातीत गेली. मी काय कमी होतो, म्हणून तू मशीनला पाजतंस?"

तेवढ्यात त्याचं बोट मिशीवर गेलं. मी वळून बघितलं तर सुपरवायझर. "काय, सापडलं का? काय होतं?" मशीन मीच बिघडवलं हे समजलं असतं तर सोमवारची वाट कशाला बघितली असती? मिस्त्री त्याच्याकडे बघून नुसता हसला. सुपरवायझरने ओरडून विचारलं. मिस्त्रीने कानाला हात लावून मान हलवली. सुपरवायझर तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा गेटवरचा वॉचमन धावत आला, पण मिस्त्रीला काही ऐकू आलं नाही. एरवी ओठांवरून शिव्या वाचणारा माणूस त्या दिवशी ठार बहिरा झाला होता. सुपरवायझर कंटाळून गेला.

मिस्त्रीने टाकी रिकामी करून धुतली, जेट साफ केला आणि नरसाळ्यात पितळेची बारीक जाळी बसवून दिली. फडकं मात्र मला परत दिलं. "याने पोरांची नाकं पूस." रविवारी मी सगळं गवत एकसारखं कापलं. सोमवारी मोठे साहेब आले. फोनवर बोलत बोलत त्या गवतावरूनच चालत आत गेले. खाली त्यांनी बघितलंही नाही. पण माझं काम राहिलं.

त्यानंतर चार-पाच वर्षं मशीन आणि मी, दोघांना मिस्त्रीने सांभाळलं. मग त्याचे दात गेले. तंबाखूने हिरड्या खाल्ल्या होत्या. दवाखान्यात सगळे उपटले आणि कवळी दिली. टपरी बंद झाली. मी दोनदा जाऊन आले, कुलूप. इकडे मशीन पुन्हा वरखाली व्हायला लागलं, आणि आता सुपरवायझर नवा होता. त्यानेही कॉन्ट्रॅक्टरचं नाव काढलं. या खेपेला चूक माझी नव्हती. जेटमधून उजेड स्वच्छ दिसत होता.

एक दिवस मिस्त्री आपणच गेटवर आला. कवळी खिशात, गाल आत गेलेले. लेकीकडे शहापूरला राहायला चालला होता. मी हाताची खूण केली, वर, खाली. त्याने स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

"मला आता न्हाय कळत. कवळी नुसती ठेचा खायला, इंजिन तिच्यातनं ऐकू येत न्हाय. तू चाव."

"तुझं उष्टं?"

"नळ हाय, साबण हाय. दात हायेत ना?"

दात होते, खालचा एक सोडून. मूठ घासून धुतली आणि चावली. टोक इंजिनाला लावलं, तसं इंजिन माझ्या डोक्याच्या आत चालू झालं. मी घाबरून सोडलं. त्याने पुन्हा धर अशी खूण केली. "आत ठोकतंय?" मी मान हलवली, नाही. "कार्बोरेटरच्या जोडाला लाव. फुसफुसतंय?" फुसफुसत होतं. कोणी दात आवळून कुजबुजतं तसं. "बाहेरून हवा खातंय. तेलाचा थेंब टाक तिथं." टाकला, तशी इंजिनाची धडपड थांबली. थेंब आत ओढला गेला आणि पुन्हा सुरू. मग मशीन बंद करून मी बोल्ट सोडले, जोडातलं जुनं, फाटलेलं पॅकिंग काढलं, त्याने खिशातून दिलेलं नवं बसवलं, बोल्ट आवळले. तो हाताची घडी घालून उभा होता. एकदाही मध्ये पडला नाही.

दोरी ओढली. स्क्रूड्रायव्हर चावला. मग तळवा पालथा करून सरळ धरला, लूम नीट चाललाय म्हणून धरतात तसा. त्याने माझ्या हाताकडे बघून मान डोलावली आणि तो गेटबाहेर पडला.

स्क्रूड्रायव्हर गवतातच राहिला होता. तो विसरला की ठेवून गेला, मला माहीत नाही. मी मागून मिस्त्री, मिस्त्री म्हणून दोन हाका मारल्या. वॉचमन हसायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कोणाला हाक मारतेय. पुढच्या वर्षी तो शहापूरलाच वारला.

मी आणखी सात वर्षं ते गवत कापलं. मुठीवर त्याच्या दातांचे खड्डे होते. माझे दात त्यात बसायचे नाहीत. मी जरा पुढे धरायची.