बाहेरचा बाक

चष्मेवाल्या काकांच्या दुकानात आत एक उंच खुर्ची आहे आणि बाहेर, पायरीशेजारी, एक लाकडी बाक. खुर्ची गिऱ्हाइकाची. बाक त्याच्या आईवडिलांचा.

कारण साधं आहे. डोळे तपासताना काका पोराच्या नाकावर एक जड फ्रेम चढवतात. तिच्यात एकेक भिंग घालून विचारतात, "हे बरं, की मघाचं?" पोरानं तोंड उघडायच्या आत मागून आई सांगते, "मघाचं बरं होतं त्याला." काका भिंग हातात धरूनच वळतात. "ताई, डोळे कोणाचे?" मग ताईंची रवानगी बाकावर.

बारावीनंतर माझे बाबाही त्या बाकावर बसले होते. खुर्चीत बसल्या बसल्या मी काकांपाशी बोलून गेले, की मला साहित्य शिकायचंय आणि घरी सांगायची छाती होत नाही. काकांनी भिंग बदललं.

"खालची ओळ दिसते?"

"दिसते."

"मग वाच मोठ्यानं. बाहेर ऐकू जाईल असं."

मी वाचली. ओळ संपल्यावर त्याच आवाजात ते दुसरंही सांगून टाकलं. तेव्हापासून आमची मैत्री.

निकालाच्या दिवसांत त्या दुकानात चष्म्यांपेक्षा कॉलेजांचीच बोलणी जास्त. काका फ्रेमचे स्क्रू आवळत सांगत राहतात. कॉलेज बघायचं तर साध्या दिवशी बघा, समारंभाला सगळेच इस्त्री करून येतात. फाटकावरचे पहिल्या नंबरवाल्यांचे फोटो बघू नका. मागे पडलेल्या पोराचं हे लोक काय करतात ते विचारा, आणि साहेबांना नाही, तिथल्या मुलांना विचारा. प्रयोगशाळा चकचकीत दिसली तर हुरळून जाऊ नका, कदाचित कुणाला हात लावू देत नसतील. आणि पोराला आत एकट्याला पाठवा.

"अहो, पण फी आम्ही भरणार!" एकदा एक वडील तडकले.

"भरा की. चष्म्याचे पैसेही तुम्हीच देता. घालता का तुम्ही तो?"

यंदा भिंगरीची पाळी आली. भिंगरी म्हणजे काकांची मुलगी. एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव. आई ती लहान असतानाच गेली. घरात दोघंच. भिंगरी दुकानातच वाढली, चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांची घरं बांधत. ती जवळच्या कॉलेजात डोळे तपासायचं शिकणार आणि दुकान सांभाळणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पाटी नव्यानं रंगवताना काकांनी खाली एक ओळ मोकळी सोडली होती.

भिंगरीला मात्र दगड शिकायचे होते. भूगर्भशास्त्र. कॉलेज दिवसभराच्या प्रवासावर, डोंगराच्या पायथ्याशी. दोन्हीकडे जागा मिळत होती. शुक्रवारपर्यंत एक पक्की करायची होती.

"दगडाला चष्मा लागत नाही," काका म्हणाले.

"म्हणून तर!" भिंगरी म्हणाली.

काकांनी मलाही सोबत घेतलं. "तू चल. माझी दातखीळ बसली तर तू बोल. शिकलीस ना साहित्य?"

कॉलेजची इमारत करड्या रंगाची होती. व्हरांड्यात चिखलाच्या बुटांची रांग. मांडण्यांवर दगड, बेसिनमध्ये गाळ. भिंतीवर हातोड्या टांगलेल्या. काकांनी एक उतरवली. दांडा हातांनी काळा, गुळगुळीत झाला होता.

"वापरतात," ते म्हणाले. तक्रार केल्यासारखे.

नळावर एक मुलगी दगड घासत होती. काकांनी तिला आपला ठेवणीतला प्रश्न विचारला.

"मी पडले होते ना मागे," ती म्हणाली. "बाई दर शनिवारी बसवून घ्यायच्या. बोलणी खाल्ली भरपूर. पण सुटले."

दुसरा कुठलाही बाप खूश झाला असता. काकांचा चेहरा उतरला. त्यांच्याच सगळ्या कसोट्यांना ते कॉलेज उतरत होतं.

मग आम्ही तिघं विभागाच्या बाईंसमोर जाऊन बसलो. बाईंच्या चष्म्यावर वाळलेल्या चिखलाचे ठिपके होते. त्यांनी भिंगरीला विचारलं, "घरापासून लांब राहायला जमेल?"

"नाही जमत हो तिला," काका म्हणाले. "एकटीनं झोपायची सवय नाही."

"डोंगरात शिबिरं असतात. ऊन, चढण..."

"धुळीनं डोळे येतात तिचे."

मी काकांकडे बघतच राहिले. हा माणूस मी ओळखत नव्हते.

भिंगरी वळली. चिडली नव्हती. अगदी हळू म्हणाली, "बाबा, डोळे कोणाचे?"

बाईंना काही कळलं नाही. काका मात्र उठले. इतक्या लगेच उठले, की खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली.

"माफ करा बाई," ते म्हणाले. "मी चुकीच्या जागी बसलो होतो."

बाहेर येऊन त्यांनी दार स्वतः ओढून घेतलं. मीही मागोमाग आले. व्हरांड्यात सिमेंटचा बाक होता. त्यावर बसून काकांनी स्वच्छ चष्मा पुन्हा पुसला. आतून भिंगरीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मी जरा कान दिला.

"ऐकू नकोस," काका म्हणाले आणि सरकत बाकाच्या पार टोकाला गेले, दारापासून लांब.

मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"धुळीनं तिचे डोळे कधी आलेले नाहीत," ते म्हणाले.

"माहीत आहे, काका."

"आणि एकट्यानं झोपायची सवय मला नाही."

मी चार वर्षं साहित्य शिकले. तरी नुसतीच सरकत त्यांच्या टोकाला जाऊन बसले.

दार उघडलं. भिंगरी बाहेर आली आणि बापासमोर उभी राहिली. काय ठरलं, हे काकांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "राहायच्या खोलीला खिडकी आहे का, विचारलंस?"

"आहे. पूर्वेला."

"मग पडदा लागेल. सकाळी ऊन डोळ्यांवर येतं."

भिंगरीनं त्यांचा दंड धरला आणि तो फाटकापर्यंत सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात मी दुकानात गेले. उंच खुर्चीत एक मुलगा होता. त्याची आई बाहेर बसली होती, गाल फुगवून. तिच्याखाली, त्या जुन्या लाकडी बाकावर, एक जाड नवी गादी होती.

"हे कधी केलंत?" मी आत जाऊन विचारलं.

"बसून आलो ना," भिंग उजेडाकडे धरत काका म्हणाले. "फार टोचतो गं."