गंगाक्कांची बिनफीची शाळा

गंगाक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी खानापुरात, सासरी भाकऱ्या थापत होते. शहापूरहून आलेल्या भावानं दारातूनच सांगितलं, "आक्का गेल्या गं..." तव्यावरची भाकरी करपल्याचं मला वासानंच कळलं.

शहापुरातली आमची आळी विणकरांची. तरुणपणीच विधवा झालेल्या गंगाक्का तिथं आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात मुलींना फी न घेता शिकवायच्या. आमच्या आप्पांना ते पसंत नव्हतं. "पोरगी शाळंला गेली तर मागासाठी सुताच्या कांड्या कोण भरणार?" असं त्यांनी तोंडावरच विचारलं. "कांड्या भरायचा रहाट घेऊनच धाडा की," आक्का म्हणाल्या. "हात कांड्या भरतील, तोंड धडा म्हणंल." आप्पांनी मला रहाटासकट धाडलं. मग आळीतले रहाट त्या सोप्यात फिरू लागले आणि त्या घरघरीवर आवाज चढवून आम्ही वाचायला शिकलो. आजही आम्ही साऱ्याजणी जरा मोठ्यानंच वाचतो.

पुढं प्लेग आला. आळी ओस पडली, माणसं माळावर झोपड्या बांधून राहिली. तिथंही आक्कांनी आंब्याखाली शाळा मांडली. पण त्यांची एकुलती एक लेक तारा, माझ्याच वयाची, तापानं फणफणली आणि गेली... आक्का झोपडीबाहेर येईनात. जेवण नाही, बोलणं नाही. बायका समजावून दमल्या. शेवटी माझी आई म्हणाली, "पोरींनो, तिच्या दाराशी बसून धडा म्हणा." आम्ही रडत, अडखळत वाचू लागलो. एका ओळीला मी चुकले. आतून बसका, अनोळखी आवाज आला, "परत म्हण." परत म्हटलं, परत चुकले. तेव्हा आक्का बाहेर आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ताराचं नाव त्यांनी पुढं कधी घेतलं नाही. मात्र कुठल्या पोरीला साधी कणकण आली, तरी शाळा सोडून तिच्या उशाशी जाऊन बसायच्या.

परवा शहापूरला गेले. आक्कांचा पुतण्या सोप्याला चुना देत होता. भिंतीवर, जमिनीपासून दीडेक हात उंचीवर, काळपट डागांची ओळ होती.

"किती हात मारले तरी हे वर येतंयच," तो वैतागून म्हणाला. "कशाचं हाय हे, ताई?"

"तेलाचं रं. पोरी डोकी टेकून बसायच्या न्हवं हितं."

कुंचा बादलीत ठेवत तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे मग."