पाळीवरचं धान

त्या साली पाहुणी पाखरं आली, पण तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उतरली नाहीत. तलावावर घिरट्या घातल्या आणि पलीकडच्या काठाला गाळात जाऊन बसली. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. गावात कोणाच्या तोंडाला चव राहिली नाही.

आमच्याकडे रीतच होती. धान कापलं की प्रत्येक घरानं पहिली पायली पाखरांसाठी काढायची आणि मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती तलावाच्या पाळीवर पसरायची. तलाव आमच्याच घराण्यातल्या जुन्या माणसांनी बांधलेला. पाखरांनी पाळीवरचं धान खाल्लं की वर्षभर पाळीला धोका नाही, असं सगळे मानत. त्याआधी नवा तांदूळ चुलीवर चढत नसे. मामाजी तर बाराही महिने पाळीच्या पायथ्याशी झोपडीत झोपत. पाळ म्हणजे त्यांचा जीव.

पाखरं रुसली, असं ठरलं. मग काय, आणखी धान टाका! जवळच्या गोरेगावच्या बाजारात न्यायची पोती पाळीवर रिकामी झाली. सकाळी बघावं तर दाणा शिल्लक नाही. मामाजींना केवढा आनंद. लाजतात बिचारी, कोणी नसताना खाऊन जातात, म्हणाले.

मी रोज त्याच पाळीवरून पाण्याला जायची. पाखरांनी खाल्लं तर एखादं पीस तरी पडेल की नाही? एक नाही. होती ती ताजी उकरलेली माती आणि गवतात घुशींची बिळं, हात जाईल एवढी. वर्षानुवर्षं तिथं धान पडायचं, त्यावर घुशी माजल्या; घुशींच्या मागं साप आले, कोल्हे आले. दिवेलागणीला पाळीवर कोल्हा फिरताना मी या डोळ्यांनी पाहिला. कोणतं पाखरू उतरेल तिथं? गोष्ट एवढी साधी, पण सुनेच्या तोंडची.

तरी मी बोललेच. वाढताना म्हटलं, "मामाजी, धान घुशी खाऊन राहिल्या. पाळ पोखरून राहिल्या. तिथं नका टाकू."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "पाखराच्या तोंडचा घास कायले काढतेस? पाळ माह्या बापजाद्यांची आहे. मले शिकवू नको."

आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, मला डोळ्यांनीच दटावलं. नवऱ्यानं दोन-चार बिळांत दगड ठोकले आणि कामाला निघून गेला. मला अस्सा राग आला होता सगळ्यांचा. आजही येतो.

उन्हाळ्यात पाळीच्या खालच्या अंगाला एक जागा ओली राहू लागली. सगळीकडे माती भेगाळलेली आणि तिथं हिरवंगार गवत. पाखरांचा आशीर्वाद म्हणे! बाया हळदकुंकू वाहून जायच्या. मी तिथं पाय ठेवला तर टाच आत गेली. बिळांच्या वाटेनं तलावाचं पाणी आतून पाझरत होतं.

श्रावणात तलाव काठोकाठ भरला. त्या संध्याकाळी घोंगडी घेऊन निघालेल्या मामाजींना मी आडवी गेले. आज घरी झोपा म्हटलं, पाया पडले.

"पाळ सोडून कुठं जाऊ वं?" म्हणाले. या वेळी रागावले नव्हते.

पहाटे पाळ फुटली, त्या हिरव्या गवताच्या जागीच. झोपडी गेली, खालचं सगळं धान गेलं. मामाजी सापडले ते खालच्या धानाच्या बांध्यांत, चिखलात.

हिवाळ्यात पाखरं पुन्हा आली. तलावात पाणी नव्हतं, पलीकडच्या काठाला तेवढी डबकी. आत्याबाई सुपात घरातलं उरलंसुरलं जुनं धान घेऊन तुटलेल्या पाळीच्या टोकाशी उभ्या होत्या.

"कुठं टाकू, तूच सांग," म्हणाल्या.

मी सूप घेतलं, त्यांचा हात धरला. दोघी पलीकडच्या काठाला गेलो, तिथं धान पसरलं आणि मागं सरून बसलो. थोड्या वेळात पाखरं उतरली. दाणा न दाणा वेचून खाल्ला त्यांनी, आमच्या डोळ्यांदेखत. मामाजी गेले तेव्हा आत्याबाई रडल्या नव्हत्या. त्या तिथं रडल्या.