भावाचं नाव

सोजराबाई लहान असतानाच मायबाप गेले. औंढ्याच्या डोंगरातल्या आंध आदिवासींच्या वाडीत धाकट्या देविदासला तिनंच वाढवलं. नवरा वारल्यावर ती भावाच्याच घरी परत आली. हंगामात दोघं हट्टा गावाकडे हळद काढायला जायची.

तिथंच एका दुपारी शेडमागं शेतमालकाच्या पुतण्यानं तिला धरलं. ती झुंजली, चावली. सुटली तेव्हा लुगडं फाटलं होतं, मनगट मोडलं होतं.

देविदासनं स्वतःचा रुमाल सोडून तिचा हात बांधला. आत्ताच चौकीत जाऊ म्हणाला. भाऊ संगं आहे म्हटल्यावर तिला धीर आला. चौकीबाहेर तिला बाकावर बसवून तो आधी आत गेला. आत मालक येऊन बसलेलाच होता. दार उघडं होतं, म्हणून तिला सगळं ऐकू आलं.

"तिच्या डोक्यावर परिणाम हाय, साहेब," देविदास सांगत होता. "नवरा गेल्यापासून काहीबाही बोलून राहिली."

तक्रार कुणी घेतलीच नाही. परतताना तिनं एवढंच विचारलं, "काहून रे असं बोल्लास?"

"त्यांच्याच शेतात राबायचं हाय आपल्याला, आक्का."

थोड्याच दिवसांत तो मालकाचा ट्रॅक्टर चालवू लागला. वाडीतली लेकरंसुद्धा तिला येडी म्हणू लागली. तिनं ते घर सोडलं आणि सखुबाई नावाच्या एकट्या म्हातारीकडे राहायला गेली.

पुढं हिंगोलीत आदिवासी बायांची बैठक भरली. सखुबाई तिला घेऊन गेली. एकेक बाई उठून आपल्यावर गुदरलेलं सांगत होती. सोजराबाईनं पुतण्याचं सांगितलं, ते न अडखळता. देविदासच्या गोष्टीपाशी आल्यावर मात्र ती अडखळली. भावाचं राहू द्या, असं कुणीतरी हळूच म्हणालं. तिनं नकारार्थी मान हलवली आणि त्याचं नाव घेतलं.

बैठकीतल्या बाया दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत मोठ्या ठाण्यात गेल्या. गुन्हा नोंदला गेला; देविदास चौकीत जे बोलला, तेही तिच्या जबाबात आलं. पुतण्या जामिनावर सुटला. खटला अजून उभा राहायचा आहे.

मागच्या महिन्यात देविदास सखुबाईच्या दारात आला. सोजराबाई ज्वारी पाखडत होती. तिला वाटलं, माफी मागायला आला असेल.

"पुतण्यावरची केस चालू दे," तो म्हणाला. "माझं नाव तेवढं काढ, आक्का. लोक हसून राहिले."

तिनं सूप खाली ठेवलं. त्याच्याकडं पाहिलं. मग उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.