तेवीस किलोंत न बसलेला पोळपाट

बॅग आमची नव्हती. टिटवाळ्याला माझी मेहुणी राहते, तिच्याकडून आणलेली. आमच्या नात्यात परदेशी जाणारी मोठी बॅग एकच आहे आणि ती ज्याला लागेल त्याच्याकडे जाते. तिच्या मुठीला आधीच्या प्रवासांच्या चिकटपट्ट्यांचे तुकडे अजून होते आणि एक चाक अडखळत फिरायचं. ती घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी आधी स्वतः काट्यावर उभा राहिलो. एकाहत्तर किलो सहाशे. मग रिकामी बॅग हातात धरून उभा राहिलो. पंच्याहत्तर आठशे. म्हणजे बॅगच चार किलो दोनशेची. विमानात तेवीस किलो चालणार होते, त्यातले अठरा किलो आठशे मुलीच्या वाट्याला येत होते. दहा आठवड्यांसाठी.

मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी करते. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या उन्हाळी अभ्यासक्रमाला तिची निवड झाली होती. आमच्या घरातून अशा कामासाठी बाहेर जाणारी ती पहिलीच, त्यामुळे काय न्यावं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं आणि सांगायला मात्र सगळे होते.

मी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. सव्वीस वर्षं झाली. माल घेऊन ट्रक आला की तो भरलेला मोजायचा, रिकामा झाला की पुन्हा मोजायचा, आणि वजाबाकी करायची. कामातली अर्धी भांडणं ही वजाबाकीची असतात. त्यामुळे बॅगेचं काम माझ्याकडे येणार हे कुणी ठरवलं नाही, तरी ठरलेलंच होतं. मी शंभर पानी वही घेतली, पहिल्या पानावर वर ७१.६ लिहून त्याभोवती चौकोन केला आणि खाली एकेक वस्तू मांडत गेलो.

आठवडाभर ती बॅग पुढच्या खोलीत उघडी पडलेली होती. आमची खोली दहा बाय बाराची. पाणी प्यायला उठलं तरी तिला ओलांडून जावं लागायचं. मे महिना, पंख्याखाली बसूनही अंगाला घाम, आणि त्यात आम्ही स्वेटर घडी करत होतो. मी कामावरून सात वाजता यायचो, चहा प्यायचो आणि चपला काढून तसाच काट्यावर चढायचो. बायको बॅगेची एक बाजू उचलून माझ्या हातात द्यायची. आकडा बघायचा, वहीतला ७१.६ वजा करायचा, लिहायचं. मग मुलगी काहीतरी काढायची, दुसरं काहीतरी घालायची, आणि पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माझी पाठ धरली. बायकोचा हात भरून आला. ती म्हणाली, "पोरगी जाईल, आपण राहू इथे मालिश करत."

त्यातच लोकांची पुडकी यायला लागली. कुणी परदेशी निघालं की हे होतंच, त्यात कुणाचा दोष नाही. "एवढंसंच आहे" म्हणून जो तो काहीतरी आणतो. मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की बाहेरचं काहीही घ्यायचं नाही, कुणाचंही. मेहुणीने भाचीसाठी, म्हणजे आमच्याच मुलीसाठी, चिवडा पाठवायचा म्हटलं. मी नाही सांगितलं.

"वा," ती फोनवर म्हणाली. "बॅग आमची, आणि आमचाच चिवडा नको?"

"चिवडा चारशे ग्रॅम आहे."

"भावोजी, तुम्ही लग्नात अक्षतासुद्धा मोजून टाकल्या असतील."

बायको हसली. मीही हसलो. पण चिवडा घेतला नाही.

गुरुवारी संध्याकाळी तळमजल्यावरचे काका वर आले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही आणि काकांचे गुडघे गेलेले. खोपटच्या डेपोत त्यांनी तीस वर्षं एसटी चालवली. गुडघे क्लचवर गेले असं ते म्हणतात. मधे दोनदा थांबून ते वर आले असणार. खुर्चीत बसल्यावर बराच वेळ नुसता श्वास घेत होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं, वरून सुतळीने बांधलेलं.

"शनिवारी ना?" त्यांनी मुलीला विचारलं.

"हो आजोबा. दुपारचं विमान."

"माझा मुलगा तिथनं दोन तासांवर राहतो. ट्रेनने."

हे आम्हाला माहीत होतं. त्यांचा मुलगा आठ वर्षांपूर्वी गेला. मधे एकदाच आला, आई वारली तेव्हा, नऊ दिवसांसाठी.

"त्याचा सोमवारी फोन आलेला," काका म्हणाले. "म्हणाला, आईचा पोळपाट आहे का अजून? म्हटलं, आहे की. तर म्हणाला, कुणी येणारं असेल तर पाठवा. त्याची मुलगी आता पोळ्या लाटायला बघते म्हणे." त्यांनी सुतळीची गाठ चाचपली. "आठ वर्षांत काही मागितलं नाही हो त्याने. मीच विचारतो, काही पाठवू का. तर एकच उत्तर, इथे सगळं मिळतं बाबा."

बायकोने कुरिअरचं विचारलं. त्यांनी ते आधीच करून बघितलं होतं. लाकडाची वस्तू म्हणून दुकानदाराने परत पाठवलं होतं.

मी स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला आणि पोळपाट टॉवेलासकट त्यावर ठेवला. जुना शिसवी, तीन पायांचा आहे, काका म्हणाले. एक किलो तीनशे पन्नास. मग वही उघडली. त्याच संध्याकाळचा शेवटचा आकडा बावीस किलो नऊशे होता. हातातल्या बॅगेला सात किलोंची मर्यादा, आणि तीही लॅपटॉप आणि कागदांनी भरलेली.

"चोवीस किलो अडीचशे होतात काका," मी म्हणालो. "नाही बसत."

"बाबा, मी बूट काढते ना," मुलगी म्हणाली. "तिथे घेईन."

"प्रयोगशाळेत बंद बूट लागतात म्हणून पत्रात लिहिलंय. पहिल्या दिवसापासून."

"मग लोणचं." ती आईकडे बघत होती.

"काढा की," बायको म्हणाली. "लोणचं काय, मेतकूटही काढा. मला कुठे खायचंय ते."

एवढं सोपं होतं. पण मी म्हणालो, "आज काकांसाठी काढलं, तर मावशीच्या चिवड्यासाठी का नाही काढलं असं होईल. सगळ्यांना एकच सांगितलंय."

हे मी काकांच्या देखत बोललो. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी माझ्यात बॅग पुन्हा उघडून, उपसून, भरून, पाचव्यांदा काट्यावर चढायची ताकद उरली नव्हती. वहीत आकडा होता आणि तो माझ्या बाजूने होता. त्याच्यामागे मी बसलो.

काकाच घाईने म्हणाले, "नको नको, पोरीचं काही काढू नका. एसटीतही हेच. एकाची पेटी जास्तीची घेतली की सगळे भांडतात." पोळपाट उचलून त्यांनी पुन्हा मांडीवर घेतला. "तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. सांगतो मी त्याला."

मुलगी त्यांना खाली सोडायला गेली. परत आल्यावर बॅगेची चेन लावताना तिने माझी मदत घेतली नाही.

शनिवारी शीळफाट्याला अर्धा तास अडकलो, तरी वेळेत पोचलो. विमानतळात तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही दोघं काचेबाहेर उभे राहिलो. ती आत गेली, एकदा वळून हात केला आणि गर्दीत दिसेनाशी झाली. वीस-पंचवीस मिनिटांनी माझ्या फोनवर तिचा एक फोटो आला. काउंटरवरच्या काट्याचा लाल आकडा होता. २१.१. फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं.

मी फोन बायकोला दाखवला. तिने डोळ्यांजवळ धरून बघितला.

"म्हणजे बसला असता," ती म्हणाली.

परतताना टॅक्सीत मी तीनदा मनात वजाबाकी केली. वजाबाकी बरोबर होती. काटा बिघडलाय म्हणावं, तर रिकामी बॅग त्याच काट्यावर मोजलेली आणि आधी ज्यांनी नेली त्यांनीही तिचं वजन तेवढंच सांगितलेलं. घरी आल्या आल्या मी काट्यावर चढलो, होतो तसाच: पँट, पट्टा, खिशात किल्ल्या आणि फोन, पोटात जेवण. त्र्याहत्तर किलो चारशे.

एकाहत्तर सहाशे हे माझं रविवारी सकाळचं वजन होतं. उपाशीपोटी, बनियन आणि लुंगीवर. ते एकदा वहीत लिहिलं, त्याभोवती चौकोन केला आणि आठवडाभर तेच वजा करत राहिलो. रोज संध्याकाळी मी माझेच कपडे, माझ्याच किल्ल्या आणि माझंच जेवण मुलीच्या बॅगेत मोजत होतो. एक किलो आठशे.

कारखान्यात मी रिकाम्या ट्रकचं जुनं वजन कधीच चालवून घेत नाही. टाकीत डिझेल किती आहे, ताडपत्री भिजलीये का, ड्रायव्हर आत बसलाय की उतरलाय, सगळ्याने फरक पडतो. दर फेरीला नव्याने मोजायचं. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. बायकोला हे समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "ड्रायव्हर बसलेलाच राहिला म्हणजे." आणि भाजी चिरायला गेली.

मी त्याच दिवशी खाली जायला हवं होतं. गेलो नाही. रोज सकाळी काकांच्या दारावरून जात होतो, रोज संध्याकाळी येत होतो. दार बहुतेक उघडंच असायचं. ते आत कॉटवर पडलेले दिसले की मी "काय काका" म्हणायचो, ते हात वर करायचे आणि मी जिना चढायचो. आता सांगून काय उपयोग, बॅग तर गेली, असं मी स्वतःला सांगत होतो. हिशोब म्हणून ते बरोबरही होतं. आठ दिवस गेले असे.

पुढच्या रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. आधी ती आईशी बोलली, मग म्हणाली, बाबांना दे.

"आज आजोबांचा मुलगा आलेला," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथे, हॉस्टेलवर. सकाळच्या ट्रेनने. मुलीला घेऊन आलेला. खाली उभे होते दोघं. मला म्हणाला, बाबांनी काही दिलंय ना?"

मला कळेना. "त्यांनी सांगितलं नव्हतं त्याला?"

"नाही ना. मलाच सांगावं लागलं. बसला नाही म्हटलं. पिशवी आणलेली त्यांनी. कापडी. ती मुलगी घडी घालत होती तिची."

"मग?"

"मग काय. कॉफी प्यायलो. आजोबांच्या गुडघ्यांचं विचारत होता. जिने चढवतात का, म्हणाला. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर आलेले. एवढंच."

फोन ठेवून मी शर्ट घातला आणि खाली गेलो.

काका जागेच होते. गुडघ्यांना तेल लावून, पाय लांब करून बसले होते. मी समोरच्या स्टुलावर बसलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

"किती चुकलं म्हणता?"

"एक किलो आठशे."

"म्हणजे गेला असता."

"गेला असता, काका. वर साडेपाचशे ग्रॅम उरले असते."

"चिवडापण गेला असता मग."

चिवड्याचं मीच त्यांच्यासमोर बोललो होतो, पण त्याचं वजन त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. बहुतेक मुलीनेच, जिना उतरताना.

"पोळपाटाचं वजन तरी बरोबर होतं का?" त्यांनी विचारलं.

"ते बरोबर होतं. ते थेट काट्यावर ठेवलेलं."

ते जरासे हसले. मग मी म्हणालो, "तुम्ही त्याला सांगतो म्हणाला होतात."

"फोन लावलेला मी. तुमच्याकडून खाली आल्यावर लगेच." ते तेलाच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. "मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, पुढच्या रविवारी मी स्वतः जाऊन घेऊन येतो, तिकिटं काढलीत, पोरीलाही नेतो. मग काय बोलणार? एवढ्या हौसेने सांगत होता. म्हटलं उद्या सांगू. उद्या उद्या करत रविवार आला."

माझेही आठ दिवस तसेच गेले होते.

"मघाशी फोन आला त्याचा," काका म्हणाले. "चिडला नाही. म्हणाला, राहू दे, दिवाळीला जमलं तर मीच येऊन घेऊन जातो."

कुठल्या दिवाळीला, हे माझ्या तोंडावर आलं होतं. एरवी मी विचारलंच असतं. नाही विचारलं.

"माझ्याकडे द्या तो," मी म्हणालो. "कंपनीत विचारतो कुणाकुणाला. कुणीतरी जाणारं निघेल."

त्यांनी कॉटच्या मागे हात घालून पोळपाट काढला. तो अजून त्या टॉवेलातच होता, सुतळीची गाठ तशीच. दहा दिवसांत त्यांनी तो सोडलाच नव्हता.

"सोडला नाही मी," माझ्या हातात देताना ते म्हणाले. "पुन्हा बांधायचा कंटाळा येतो."