चेंडू दुसरीकडे जातो तेव्हा

रघुवीर टिपणीसचा दिवस पहाटे चार पन्नासला सुरू होतो. पाच वीसची बस, सहाला हॉस्पिटल. नॉटिंगहॅमच्या एका सरकारी हॉस्पिटलात तो एकतीस वर्षं पोर्टर आहे. रुग्णाला वॉर्डातून एक्स-रेला न्यायचं, एक्स-रेवरून वॉर्डात आणायचं. दिवसाला दहा-अकरा मैल चालणं होतं. खोट्या आजारपणाची एकही सुट्टी त्याने घेतलेली मला माहीत नाही.

मी स्वतः कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, रस्त्यांवर चौतीस वर्षं डांबर टाकलं. काम आणि कामाचं सोंग यांतला फरक मला लांबून कळतो. रघुवीरला तो माझ्याहून जास्त कळतो, म्हणून हे लिहितो आहे.

तो नऊ वर्षांचा असताना मिरजेहून आला. ऐंशीच्या दशकात इथे रविवारी संध्याकाळी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल दाखवायला लागले. त्याच्या वर्गातली पोरं दोन वर्षांत ते विसरली. हा विसरला नाही. गावातल्या हौशी क्लबात बारा वर्षं रिसीव्हर म्हणून खेळला. रिसीव्हर म्हणजे ठरवून दिलेल्या वाटेने जीव तोडून पळायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. गुडघे गेल्यावर तो पोरांना शिकवू लागला.

लंडनची एक कंपनी अमेरिकन व्यावसायिक संघांसाठी इथली मुलं हेरते. दर एप्रिलला तिकडे ड्राफ्ट असतो, संघ आळीपाळीने नवे खेळाडू उचलतात. त्याआधी मार्चमध्ये संघांची माणसं लंडनला येऊन इथली निवडक मुलं बघतात. आमच्या भागातून एका रिसीव्हरला तिथे जागा होती. शिफारस करायची होती रघुवीरने. मोबदला शून्य.

त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत आठ रविवार सराव सामने झाले. मैदानावर पांढरे पट्टे मारायचं काम माझं. रघुवीर कडेला वही घेऊन उभा. त्याची पद्धत वेगळी होती. चेंडू ज्या मुलाकडे येई त्याच्याबद्दल तो काहीच लिहीत नसे. चेंडू दुसरीकडे गेला की लिहायचा.

"अण्णा, चेंडू आपल्याकडे येतोय म्हटल्यावर कुत्रंसुद्धा पळतं," तो मला म्हणाला. "नाही येत तेव्हा कोण पळतो ते बघायचं."

कारण रिसीव्हर पळाला तर त्याच्यामागे दोन बचाववाले ओढले जातात आणि दुसऱ्याला मोकळी जागा मिळते. किंवा समोरच्याला छातीने अडवून धरायचं, म्हणजे आपला गडी पुढे जातो. या कामाला टाळ्या नसतात.

दोनच मुलं खरी शर्यतीत होती. एक नील, एकवीस वर्षांचा, युनिव्हर्सिटीत शिकणारा. वडील डॉक्टर राजीव कारखानीस, रघुवीरच्याच हॉस्पिटलात हाडांचे मोठे कन्सल्टंट. नीलचा वेग असा की बघणाऱ्याचं तोंड उघडं राहावं. हातही सुंदर. दुसरा किअरन, बावीस वर्षांचा, गोदामात पार्सलं उचलणारा गोरा पोरगा. नीलपेक्षा हळू. चेंडू छातीशी धरायची वाईट खोड. पण प्रत्येक वेळी शेवटपर्यंत पळायचा. चिखलात पडायचा, उठायचा, परत रांगेत.

सहाव्या रविवारी एका सामन्यात चेंडू बावन्न वेळा नीलकडे आला नाही. त्यातल्या नऊ वेळा तो मनापासून पळाला. उरलेल्या वेळी चार पावलं टाकून कमरेवर हात. एकदा तर हातमोजे नीट करत होता, आणि त्याच्या शेजारीच त्याचा गडी आडवा झाला.

रघुवीरने त्याला बाजूला घेतलं. "नील, त्याला का नाही अडवलंस?"

"काका, बॉल माझ्याकडे येणार नव्हता. What's the point?"

"आणि पळाला का नाहीस?"

"Energy save करत होतो. फोर्थ क्वार्टरसाठी."

"चौथ्या, शेवटच्या भागातही उभाच होतास."

पोरगा हसला. राग नाही, लाज नाही. मला ते हसू अजून किळस आणतं. आमच्या गँगमध्ये असा एक होता. फावड्यावर रेलून उभा राहायचा आणि मुकादम दिसला की वाकायचा. पण त्याचा निदान कोणी सत्कार केला नाही.

नीलचा केला. आमच्या मंडळाचा तिळगूळ समारंभ फेब्रुवारीच्या शेवटी असतो, कारण हॉल तेव्हा मिळतो. त्या दिवशी अध्यक्षा मंजिरीताईंनी माइकवरून जाहीर केलं, "अमेरिकन फुटबॉलमध्ये निवड झालेला पहिला मराठी मुलगा! आपला नील!" टेबलावर शाल, नारळ, पेढे. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. त्यातल्या पाच जणांनाही तो खेळ कळत नव्हता. "आणि शाल घालायला नीलचे गुरू, रघुवीर!"

रघुवीर गेला. शाल हातात घेतली. मग माइककडे वळून म्हणाला, "निवड झालेली नाही. शुक्रवारी मी कळवायचं आहे. अजून लिहिलेलं नाही."

आणि शालीची घडी परत ताटात ठेवली.

मंजिरीताई सावरत म्हणाल्या, "अहो, आज ना उद्या होणारच की!" कोणीतरी मागून, "शुभस्य शीघ्रम!" लोक हसले. शाल शेवटी मंजिरीताईंनीच नीलच्या अंगावर घातली. नीलने फोटोला मान तिरकी केली.

जेवणाच्या वेळी डॉक्टर राजीव किचनच्या दारात आले. मी भाताचं पातेलं धरून तिथेच उभा होतो. मला त्यांनी बघितलं नाही. बघायची सवयच नाही.

"रघुवीरराव," ते म्हणाले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी कधी याला साधं गुड मॉर्निंग म्हटलेलं नाही. आज राव. "काय हो, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर खोटं सांगितलं, म्हणून सगळ्यांसमोर."

"टेक्निकली बरोबर आहे तुमचं. पण आपलाच मुलगा आहे. आपण नाही तर कोण सपोर्ट करणार?" त्यांनी खिशातून तिळाची वडी काढून याच्या हातावर ठेवली. "गोड बोला. आणि शुक्रवारी गोड लिहा."

रघुवीरने वडी खाल्ली. "छान आहे," म्हणाला. "घरी सुप्रभावहिनींनी केली का?"

"हो."

"त्यांनी मेहनत घेतली आहे."

डॉक्टर लाल झाले. मी पातेलं घेऊन बाहेर गेलो, नाहीतर हसलो असतो.

शुक्रवारी त्याने लिहिलं. मला दाखवलं. नील: वेग उत्तम, हात उत्तम. चेंडू येणार नसेल तेव्हा काम करत नाही. शिफारस नाही. किअरन: वेग मध्यम, झेलण्यात दोष, शिकवता येईल. प्रत्येक वेळी काम करतो. शिफारस आहे.

मंगळवारी उत्तर आलं. डॉक्टरांनी कंपनीला परस्पर तीन मिनिटांची क्लिप पाठवली होती. नीलचे सगळे झेल, मागे संगीत. कंपनीने रघुवीरचे आभार मानले, त्याचा अहवाल 'वेगाच्या आकड्यांशी जुळत नाही' असं कळवलं, आणि नीलला घेतलं. आठ रविवार रघुवीर पावसात उभा होता. क्लिप त्यांनी चहा पिता पिता बघितली असेल.

"किअरनची क्लिप होती का?" मी विचारलं.

रघुवीरने नकारार्थी मान हलवली. "त्याने विचारलं होतं मला. बनवू का म्हणून. मी म्हटलं, नाटकं करू नकोस. काम दिसतं."

"काम दिसतं? कुठे दिसतं?" मला राहवलं नाही. "चौतीस वर्षं रस्ते केले मी. डांबराखाली खडी किती घातली ते कोण बघतं? वर रोलर चकचकीत फिरला की साहेब खूश. एकतीस वर्षं ट्रॉल्या ढकलून तुला एवढं कळलं नाही?"

"कळलं होतं," तो म्हणाला. "पोराला शिकवताना विसरलो. मला वाटलं, निदान इथे तरी."

नीलवर किंवा डॉक्टरांवर तो कधी चिडला नाही. स्वतःवर चिडला. तो राग मला समजला. पोराने वडीलधारा म्हणून विचारलं, आणि याने त्याची एकुलती एक संधी एका वाक्यात घालवली.

मार्चपासून तो शनिवारीही कामावर जाऊ लागला. सत्तावन्नाव्या वर्षी, त्या गुडघ्यांनी. मग रविवारही घेतले. क्लबात म्हणाला, पोरांना सध्या दुसऱ्या कोणाकडे द्या. का ते कोणाला सांगितलं नाही. बायको, मीनाक्षी, मला म्हणाली, "भावोजी, पाय सुजलेत. शूज निघत नाहीत. तुम्ही तरी बोला." मी बोललो. त्याने ऐकलं नाही.

एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये नीलला कोणी उचललं नाही. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्या.

मेच्या शेवटी रघुवीर किअरनच्या गोदामाच्या फाटकावर गेला. मी गाडी चालवत होतो. शिफ्ट सुटली. किअरन बाहेर आला. रघुवीरने लिफाफा पुढे केला.

पोराने उघडून वाचलं. "I can't take this, coach."

"माझी चूक आहे," रघुवीर मराठीतच म्हणाला. मग इंग्रजीत सांगितलं.

"तुमची काय चूक?"

"तुला क्लिप करू नको म्हणालो."

किअरन लिफाफा परत द्यायला लागला. रघुवीरने हात खिशात घातले आणि गाडीत येऊन बसला. "चला अण्णा," म्हणाला. "उद्या सहाला आहे मला."

त्या लिफाफ्यात फ्लोरिडाचं जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट होतं, स्वखर्चाने येणाऱ्यांसाठी जूनमध्ये होणाऱ्या, खेळाडू निवडायच्या खुल्या चाचणीची भरलेली फी होती, आणि मैदानाजवळच्या स्वस्त मोटेलातल्या पाच रात्रींची पावती.